डुकराचा केस, दाढीचा ब्रश आणि स्पर्शाचा इतिहास

१/२५
नागपूरच्या सक्करदऱ्यातील एखादे साधे सलून डोळ्यांसमोर आणावे. आरशाखालच्या फळीवर तुरटीचा खडा, पाण्याची वाटी, कात्री, कंगवा आणि एका कोपऱ्यात दाढीचा ब्रश. या साऱ्या सरंजामात ब्रशाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे केस नायलॉनचे नसतील, तर पुष्कळदा ते डुकराचे असतात. असा ब्रश नवा असताना राठ असतो, त्याला जनावराचा वास येतो आणि तो फेसही नीट धरत नाही. त्याला काही दिवस मुरवावे लागते. धुणे, भिजवणे, फेस काढणे आणि वाळवणे या त्या मुरवण्याच्या चार पायऱ्या. या चार पायऱ्यांच्या आधाराने हा धागा एका प्रश्नाचा मागोवा घेतो: या केसाला कोणाचे हात लागले, आणि कोणाच्या चेहऱ्याला हात लावायचे नाकारले गेले?

२/२५
प्रथम स्थळाविषयी. सक्करदरा म्हणजे भोसलेकालीन तलावाचा, बुधवार बाजाराचा आणि उमरेड मार्गाकडे जाणाऱ्या रहदारीचा भाग. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य गेले तरी भोसले घराण्याचा मान शहरात टिकून राहिला. १९०८ मध्ये याच घराण्यातील रघुजीराव भोसले यांनी अवलिया ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. हिंदू राजघराण्याच्या वास्तूत मुस्लीम अवलियाच्या दर्शनाला सर्व जातिधर्मांची माणसे येऊ लागली. अशा संमिश्र वस्तीत डुक्कर हा मोठा अवघड विषय. एकासाठी ते नापाक, दुसऱ्यासाठी ते पाळणारा माणूस विटाळाचा. तरीही याच प्राण्याचा केस फारशी चर्चा न होता घराघरांतील दाढीच्या सामानात येऊन बसला.

३/२५
ब्रश येण्यापूर्वी दाढी कशी होत असे? गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी न्हावी हा एक. खांद्यावर धोकटी, तीत वस्तरा, कात्री, चिमटा आणि लहानसा आरसा. त्याच्या श्रमाचा मोबदला बहुधा सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. दाढी करताना साबण नसे, ब्रशही नसे. वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळून चोळून केस मऊ केले जात आणि मग वस्तरा फिरे. शब्दही बोलके आहेत. ‘न्हावी’ या शब्दाची व्युत्पत्ती न्हाऊ घालण्याच्या क्रियेशी जोडली जाते. ‘हजामत’ हा शब्द अरबीतून आलेला. मुळात तो शरीरातील रक्त तुंबडीने काढणाऱ्याच्या धंद्याशी निगडित होता. म्हणजे पाणी, रक्त आणि त्वचा या तिन्हींशी या व्यवसायाचा जुना संबंध.

४/२५
दाढी हा त्या काळी हाताचा, म्हणजेच स्पर्शाचा व्यवहार होता. गिऱ्हाइकाने डोळे मिटून आपला गळा दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली द्यायचा, यापेक्षा मोठा विश्वास कोणता? या विश्वासाला सोवळ्याओवळ्याचे कुंपणही होते. क्षौर कोणत्या वारी करावे, कोणत्या वारी टाळावे याचे संकेत होते. क्षौरानंतर स्नान केल्याशिवाय घरात वावरायचे नाही, असा अनेक घरांचा दंडक होता. न्हाव्याचा हात आवश्यक होता, परंतु त्याच्या स्पर्शाचा परिणाम लगेच धुऊन टाकायचा होता. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला तर तो हातही येत नसे. या शेवटच्या मुद्द्याकडे धागा पुढे परत येईल.

५/२५
ब्रश ही वस्तू या व्यवहारात युरोपातून आली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दाढीच्या ब्रशाचा प्रसार झाला. फ्रेंच भाषेत त्याला ‘ब्लेरो’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ बिज्जू असाही होतो, कारण उंची ब्रशासाठी बिज्जूचे केस वापरले जात. १७६९ मध्ये पॅरिसमधील ज्याँ-जाक पेरे या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, हे शिकवणारे पुस्तकच प्रसिद्ध केले. न्हाव्यावाचून दाढी ही त्या वेळी इतकी नवी गोष्ट होती की ती पुस्तकातून शिकवावी लागे. बिज्जूचे केस महाग पडत. सामान्य माणसाच्या ब्रशासाठी स्वस्त आणि टिकाऊ केस हवा होता. तो डुकराने पुरवला.

६/२५
डुकराचाच केस का? कारण त्याची रचना. हा केस मुळाशी जाड आणि ताठ असतो, तर टोकाशी निसर्गतःच दोन-तीन धाग्यांत फाटलेला असतो. जाड बुंध्यामुळे ब्रशाला कणा मिळतो. फाटलेल्या टोकांमुळे पाणी आणि साबण धरून ठेवता येतात. रंगाऱ्याचा ब्रश, कपड्यांचा ब्रश आणि पूर्वीचा दात घासण्याचा ब्रश या साऱ्यांत हाच केस वापरला जाई. नव्या ब्रशात टोके पुरेशी फाटलेली नसतात, म्हणून तो गालाला टोचतो. वापरता वापरता प्रत्येक केसाचे टोक अधिक उलगडत जाते आणि एकाच केसाची अनेक मऊ टोके होतात. मुरवणे म्हणतात ते प्रामुख्याने या उलगडण्याला.

७/२५
पहिली पायरी: धुणे.
नवा ब्रश कोमट पाण्यात सौम्य साबणाने दोन-तीन वेळा धुतात. पाणी उकळते नसावे. त्याने केस ठिसूळ होतात आणि दांड्यात केसांचा झुपका बसवणारा चिकटा सैल होतो. पहिल्या धुण्यात थोडे केस गळतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दांड्यात पक्के न बसलेले केसच बहुधा असे निघून येतात. वास मात्र एका धुण्यात जात नाही. आज हे धुणे केवळ वासासाठी आणि स्वच्छतेसाठी केले जाते. शंभर वर्षांपूर्वी मात्र न धुतलेला, निर्जंतुक न केलेला ब्रश माणसाचा जीव घेऊ शकत असे.

८/२५
पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जनावरांच्या केसांचा जागतिक व्यापार विस्कटला. तोवर पूर्वेकडचा बराच कच्चा केस युरोपात, विशेषतः जर्मनीत, स्वच्छ आणि निर्जंतुक होऊन पुढे जात असे. युद्धामुळे ही वाट बंद झाली. चीन, सैबेरिया आणि जपानकडचा घोड्याचा केस थेट ब्रश-कारखान्यांत पोहोचू लागला. बिज्जूच्या केसासारखा दिसावा म्हणून त्याला रंग देऊन स्वस्त ब्रश तयार होऊ लागले. त्या केसांत अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे गुराख्यांना ठाऊक असलेल्या काळपुळीचे बीजाणू होते. दाढी करताना गालावर बारीकशी चीर पडे आणि त्या चिरेतून जंतू शरीरात शिरे.

९/२५
अमेरिका आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षांत ब्रशामुळे झालेल्या अँथ्रॅक्सच्या दोनशेहून अधिक घटनांची नोंद सापडते. त्यांत अमेरिकी सैनिकांचा भरणा मोठा होता. अखेर ब्रिटनने १९१९ मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. या प्रकरणात प्रमुख दोषी घोड्याचा केस होता. डुकराच्या केसावर तितका ठपका आला नाही. पण या दुर्घटनेने एक गोष्ट उघड केली. ब्रश विकत घेणाऱ्याला तो केस कोणत्या प्राण्याचा, कोणत्या देशातला आणि कोणाच्या हातून आला, याची काहीही कल्पना नसे. ब्रशाचा दांडा चकचकीत असला की उगम झाकला जाई.

१०/२५
दुसरी पायरी: भिजवणे.
दाढीपूर्वी डुकराच्या केसांचा ब्रश दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवतात. बिज्जूच्या ब्रशाला इतकी प्रतीक्षा लागत नाही. डुकराचा केस पाणी आत शोषून घेतो आणि तेव्हाच लवचीक होतो. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि माणसाची दाढीही त्याच प्रथिनाची. म्हणूनच गालावरचा केसदेखील दोन-तीन मिनिटे ओला राहिला की कापायला कमी जोर लागतो. बोटांनी पाणी चोळणाऱ्या जुन्या न्हाव्याला प्रथिनाचे नाव ठाऊक नव्हते. त्याचे गुणधर्म मात्र त्याच्या हाताला नेमके कळले होते.

११/२५
हा केस भारतात कोठून येई? ब्रिटिश काळात उत्तर भारतातील कानपूर हे डुकराच्या केसांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. आसपासच्या आणि दूरच्या जिल्ह्यांतून केस तेथे गोळा होत, निवडले जात आणि बंदरांवाटे लंडनच्या बाजारात पाठवले जात. डुकराच्या पाठीच्या कण्यावरचा केस सर्वांत लांब आणि ताठ, म्हणून त्याला भाव अधिक. थंडीत केस दाट वाढतो, म्हणून त्या हंगामाच्या मालाला पसंती. या व्यापारात खाटिक समाजाचा वाटा मोठा होता. समाजाने ज्यांना कडेला ठेवले, त्यांच्यातील काही कुटुंबांनी या केसांच्या बळावर कानपुरात चांगली संपत्ती उभी केली.

१२/२५
या कामाचे कौशल्य नजरेआड करता येत नाही. उपटलेला किंवा गोळा केलेला केस आधी धुवायचा, उकळायचा, वाळवायचा. मग रंगाप्रमाणे वेगळा करायचा: काळा, करडा, पांढरा. मग लांबीप्रमाणे वेगळा करायचा. आणि सर्वांत किचकट काम म्हणजे प्रत्येक जुडीत सगळ्या केसांची मुळे एका बाजूला व टोके दुसऱ्या बाजूला आणायची. एखादा केस उलटा राहिला तर ब्रश गालाला बोचणार. चांगल्या ब्रशात टोके कात्रीने छाटत नाहीत, कारण छाटल्यास नैसर्गिक फाटी निघून जातात. झुपक्याचा घुमटासारखा आकार हाताने केस मांडूनच साधावा लागतो. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव आजही ब्रशांसाठी ओळखले जाते.

१३/२५
महाराष्ट्रात डुकरे पाळण्याचे काम प्रामुख्याने कैकाडी, वडार यांसारख्या समाजांकडे होते. हे लोक टोपल्या विणत, दगड फोडत, मातीकाम करत आणि सोबत डुकरे बाळगत. त्यांचे मुक्काम गावाबाहेर, उकिरड्यांच्या कडेला. डुक्कर गावातील घाण खाऊन गाव स्वच्छ ठेवी, परंतु त्या स्वच्छतेचे श्रेय प्राण्यालाही मिळाले नाही आणि पाळणाऱ्यालाही नाही. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोण कोणाच्या हातचे पाणी घेतो, न्हावी कोणाची दाढी करतो आणि कोणाची करत नाही, हे त्या काळी एखाद्या जातीची पायरी ठरवण्याचे माप मानले जाई. न्हाव्याचा होकार म्हणजे समाजात स्थान, नकार म्हणजे कुंपणाबाहेर.

१४/२५
यातील विसंगती पाहायला नागपूरहून फार दूर जावे लागत नाही. शहराच्या ईशान्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेकची टेकडी आहे. तेथे वाकाटक काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मंदिरांचा समूह आहे आणि त्यात पूर्ण प्राणिरूपातील वराहाची भव्य पाषाणमूर्ती आहे. पृथ्वीला पाण्यातून वर काढणारा विष्णूचा अवतार म्हणून त्याची पूजा होते. त्या मूर्तीच्या पोटाखालून सरपटत जाण्याची प्रथाही तेथे रूढ आहे. दगडातल्या वराहाच्या पोटाखालून जाणे पुण्याचे. जिवंत वराहामागून चालणाऱ्या माणसाची सावली मात्र नको. दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात शतकानुशतके शेजारी शेजारी नांदल्या.

१५/२५
इस्लामी धर्मशास्त्रातही या केसाची चर्चा आहे, आणि ती अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. बाराव्या शतकातील विद्वान मर्घिनानी यांचा ‘हिदाया’ हा हनफी पंथाचा प्रमाणग्रंथ. डुक्कर सर्वांगाने नापाक मानूनही त्यात चर्मकारासाठी एक सवलत नोंदली आहे: कातडे शिवण्यासाठी डुकराच्या केसाचा वापर गरजेपोटी चालू शकेल. कारण त्या काळी जोडे शिवताना दोऱ्याच्या टोकाला हा ताठ केस जोडून तो सुईसारखा वापरला जाई आणि त्याला चांगला पर्याय नव्हता. विक्रीला मात्र मान्यता नाही. म्हणजे शास्त्रकारांनी केसाकडे पाहताना कारागिराच्या हाताकडेही पाहिले. आजचे अनेक श्रद्धाळू मुस्लीम पर्याय उपलब्ध असल्याने असा ब्रश टाळतात, आणि त्यामागचे तर्कशास्त्रही तेच आहे.

१६/२५
विसाव्या शतकात हा केस चक्क युद्धसामग्री ठरला. जगातील सर्वांत मोठा पुरवठादार चीन. दुसऱ्या महायुद्धात जपानने चीनचे किनारे आणि नंतर ब्रह्मदेशाचा रस्ता बंद केला, तेव्हा १९४२ ते १९४५ या काळात आसाममधून हिमालयावरून विमाने चीनला रसद नेत. परतीच्या फेरीत ती टंगस्टन, कथील आणि डुकराचे केस घेऊन येत. जहाजांना आणि विमानांना रंग देण्यासाठी ब्रश लागत, म्हणून हा माल इतका मोलाचा. याच सुमारास पर्यायही पुढे आला. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा दात घासण्याचा ब्रश बाजारात आला आणि डुकराच्या केसाचे साम्राज्य हळूहळू आकसू लागले.

१७/२५
तिसरी पायरी: फेस.
भिजवलेला ब्रश हलकेच झटकून साबणावर फिरवतात आणि तळहातावर किंवा वाटीत फेस काढतात. नवा ब्रश हा फेस जणू गिळून टाकतो. बाहेर काही येत नाही. पहिले काही दिवस दाढी न करता केवळ फेस काढून तो काही वेळ ब्रशातच राहू देतात आणि मग धुऊन टाकतात. साबणाने केसावरचा तेलकट थर निघतो, वास उतरतो, टोके फाटू लागतात. आठवडा-पंधरवड्यात फरक जाणवतो. पूर्ण मऊपणा यायला त्याहून अधिक काळ लागतो. घाई केली तर केवळ गाल लाल होतात.

१८/२५
या पायरीवर साबणाचा इतिहास भेटतो. १८५७ मध्ये गाय आणि डुकराच्या चरबीच्या काडतुसांवरून उत्तर भारत पेटला. त्या जूनमध्ये नागपुरातही टाकळी येथील घोडदळाच्या उठावाचा बेत उघडकीस आला होता. चरबी हा विषय त्यानंतर कधीच साधा राहिला नाही. परदेशी साबणात जनावरांची चरबी असे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला आणि चरबीविरहित, स्वदेशी असा त्याचा लौकिक झाला. रवींद्रनाथ टागोरांनीही या साबणाची शिफारस केली. मौज अशी की चरबी नसलेला हा शुद्ध साबण ज्या ब्रशाने फेसाळायचा, त्यात डुकराचा केस असू शकत होता. साबणाचा उगम विचारला गेला. ब्रशाचा उगम क्वचितच.

१९/२५
चौथी पायरी: वाळवणे.
वापरून झाल्यावर ब्रश स्वच्छ धुऊन, पाणी झटकून, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा लागतो. दमट राहिल्यास कुबट वास येतो आणि केस मुळाशी कुजतात. प्रत्येक वेळी भिजणे आणि वाळणे या चक्रातून केस थोडा थोडा वळणावर येतो. घरच्या ब्रशाला आपली अशी जागा लागते: खिडकीजवळ, न्हाणीच्या कोनाड्यात, आरशाशेजारी. ही जागा म्हणजे एका नव्या सवयीची खूण. दाढी आता माणूस स्वतः करू लागला होता.

२०/२५
या सवयीला वेग दिला तो सेफ्टी रेझरने. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात केवळ ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांच्या पलीकडे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारनेच असे रेझर पुरवले आणि घरी परतलेला सैनिक रोजची दाढी स्वतः करू लागला. भारतातही आधी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, मग वकील, मास्तर, कारकून यांच्या घरी रेझर, ब्रश आणि साबणाची वाटी दिसू लागली. त्यांच्यासाठी ती सोय होती. काही माणसांसाठी मात्र स्वतःची दाढी स्वतः करणे ही सोय नव्हती, तोच एकमेव मार्ग होता.

२१/२५
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत साताऱ्यातील बालपणाचा एक प्रसंग नोंदवला आहे. शहरात न्हावी होते, पैसे देण्याची कुटुंबाची ऐपत होती. तरीही या मुलांचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता, कारण ती अस्पृश्य होती. हे काम त्यांची थोरली बहीण करी. सरावाने ती त्यात पारंगत झाली होती. एका लहान मुलीच्या हातात कात्री-वस्तरा का आला, याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते: समाजाने हात आखडता घेतला होता. पॅरिसच्या पेरेने स्वतःची दाढी स्वतः करणे ही कला म्हणून शिकवली. साताऱ्याच्या त्या घरात ती अपमानातून शिकावी लागली.

२२/२५
दोष एकट्या न्हाव्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याने गावकुसाबाहेरच्या माणसाची दाढी केली असती, तर बाकीच्या गावाने त्याच्या वस्तऱ्याखाली बसणे सोडले असते आणि त्याचे बलुते बुडाले असते. आणि याच न्हाव्याने आपल्या नकाराचा वेगळा उपयोगही करून दाखवला. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतील कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. वस्तरा तोच, नकारही तोच. एका नकाराने माणसाला बाहेर ठेवले, दुसऱ्याने एका क्रूर रूढीला हादरा दिला.

२३/२५
साताऱ्यातील त्या अनुभवानंतर सुमारे अर्ध्या शतकाने हा विषय थेट संविधान सभेत पोहोचला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा चालू होती. दुकाने, उपाहारगृहे यांत सर्वांना प्रवेश असेल, असे त्या मसुद्यात म्हटले होते. ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे दुकान आणि दाढीचे सलून येते काय, अशी शंका सभागृहात उपस्थित झाली. उत्तर द्यायला उभे होते डॉ. आंबेडकर. त्यांनी शब्दाचा अर्थ अतिशय व्यापक केला: मागेल त्याला सेवा देण्याची तयारी ठेवून मालक जेथे बसतो, ते दुकान. बहिणीकडून केस कापून घेणाऱ्या मुलाने मोठेपणी सलूनचे दार सर्वांसाठी उघडे असल्याचे देशाला सांगितले.

२४/२५
ते कलम आज संविधानाचे कलम १५ (२) म्हणून ओळखले जाते; कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. १९७६ मध्ये तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने अधिक कडक झाला. कायदा आला म्हणून गावोगावचे वस्तरे एका दिवसात सर्वांसाठी फिरू लागले नाहीत. दाढी-कटिंगला नकार मिळाल्याच्या बातम्या स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके येत राहिल्या. १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बुद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या निर्णयामागे देवळे आणि पाणवठे होते, तसेच न्हाव्याच्या आरशासमोरची नाकारलेली जागाही होती.

२५/२५
आता पुन्हा सक्करदऱ्याच्या त्या सलूनकडे वळू. दीक्षाभूमी तेथून काही किलोमीटरवर, ताजबाग तर हाकेच्या अंतरावर. खुर्चीवर कोण बसले आहे, हे ब्रशाला कळत नाही. कळू नये यासाठीच एवढा लांब संघर्ष झाला. डुकराच्या केसाचा ब्रश मुरायला पंधरवडा-महिना लागतो. त्याचा वास जातो, टोके उलगडतात आणि तो गालावर अलगद फिरतो. वास गेला तरी उगम मात्र विसरू नये. त्या केसामागे उकिरड्याकडेचा कैकाडी आहे, कानपूरचा खाटिक आहे, मुळे आणि टोके जुळवणारा शेरकोटचा कारागीर आहे, पाण्याची वाटी घेऊन उकिडवा बसणारा बलुतेदार न्हावी आहे. आणि साताऱ्यातील एक थोरली बहीणही आहे, जिने धाकट्या भावंडांचे केस कापले, कारण शहरातल्या एकाही न्हाव्याने त्यांना हात लावला नाही.